निळ्या मीटरची जीप

आजही भाड्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो आणि स्टिअरिंगपुढच्या मीटरच्या काचेमागं निळा उजेड दिसला, की एकलहरे रस्त्यावरची ती घटना डोळ्यांपुढं उभी राहते. हल्ली कंपनीच असले दिवे बसवून देते, त्यामुळं कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही. मी सांगतोय ती नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. तेव्हा गाडीच्या मीटरला मिणमिणता पिवळा उजेड असायचा. काटा दिसला तर दिसला, नाहीतर अंदाजपंचे. निळा उजेड ही निव्वळ हौस होती, आणि हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो. या हौसेचं मोल मात्र एका शिंप्यानं जीव देऊन चुकवलं.

या प्रकरणातली माणसं, त्यांची मुलंबाळं अजून त्याच भागात राहतात. कायद्यानं जे व्हायचं ते झालेलं आहे. म्हणून कोणाचंही नाव देत नाही.

मी तेव्हा नाशिक शहराच्या त्या टोकाच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. थंडीचे दिवस होते, अंधार लवकर पडायचा. ठाण्यातली संध्याकाळची हजेरी आटोपली होती, गस्तीच्या ड्यूट्या वाटून झाल्या होत्या आणि ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंदी करत बसला होता. तेवढ्यात सिव्हिल हॉस्पिटलमधून फोन आला. वाहनाची धडक बसलेला एक इसम दाखल झाला आहे, प्रकृती गंभीर आहे आणि इथं मारामारी सुरू आहे, असा निरोप होता. अपघाताची वर्दी आणि मारामारीची वर्दी एकाच फोनवर यावी, हे मला जरा नवीनच होतं.

जाऊन पाहिलं तर हॉस्पिटलच्या आवारात एक टेम्पो उभा होता आणि त्याच्या ड्रायव्हरला दहा-पंधरा माणसं बडवत होती. पन्नाशीचा, दाढीवाला, मालेगावचा माणूस. त्याला कसाबसा सोडवून आमच्या गाडीत घातला. जखमी माणूस तोवर बेशुद्ध झाला होता, त्याचा जबाब घेता आला नाही. पहाटे तो वारला.

मेलेला माणूस एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या बाजारात शिवणकाम करायचा. कामगारांच्या खाकी कपड्यांवर त्याचा हात बसलेला होता. घर मात्र पुढं फाट्यापलीकडच्या गावात. रोज सायकलनं ये-जा करायचा. त्या संध्याकाळी सायकल पंक्चर झाली, म्हणून ती हातात धरून रस्त्याच्या कडेनं चालत निघाला होता. वसाहतीचं फाटक सोडलं की फाट्यापर्यंत रस्त्यावर एकही दिवा नव्हता. आभाळात केंद्राच्या उंच चिमण्यांचे लाल दिवे लखलखायचे आणि खाली रस्त्यावर स्वतःचा हात दिसायचा नाही. तिथंच त्याला मागून वाहनानं उडवलं. तो बाभळीच्या झुडपाजवळ पडून राहिला. वाहन निघून गेलं.

टेम्पोवाल्याचं म्हणणं सरळ होतं. एकलहऱ्याच्या पुढं एका दुकानदाराकडं कापडाच्या गाठी उतरवून तो परत येत होता. हेडलाईटमध्ये आडवी पडलेली सायकल दिसली, म्हणून थांबला. माणूस विव्हळत होता. त्याला एकट्यानं उचलून मागं गाठींच्या रिकाम्या पोत्यांवर ठेवला आणि हॉस्पिटलला आणला.

"साहब, मी उडवला नाही," तो म्हणत होता. "पडलेला होता. मी उचलला. बस."

पण त्याच्याविरुद्ध बरंच काही होतं. टेम्पोत रक्त होतं, अर्थात ते असणारच. पुढच्या बंपरला पोचा होता. तो जुना आहे असं तो म्हणाला, पण सगळेच तसं म्हणतात. आणि मुख्य म्हणजे हा माणूस काहीतरी लपवत होता. त्या काळी जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांची भीती वाटायची, आणि ती भीती आम्हीच मिळवलेली होती, हे मला ठाऊक आहे. पण ही भीती तेवढीच नव्हती. कुठून निघाला, काय उतरवलं, सायकल कुठं दिसली, या सगळ्या प्रश्नांना तो धडाधड उत्तरं द्यायचा. मी विचारलं, "उचलल्यापासून हॉस्पिटलपर्यंत मध्ये कुठं थांबलास का?" की त्याची मान खाली जायची.

"नाही साहब. कहीं नहीं."

"तो काही बोलला?"

"कुछ नहीं."

हे खोटं होतं. रस्त्यावरच्या एका उसाच्या गुऱ्हाळवाल्यानं आम्हाला सांगितलं होतं, की हा टेम्पो त्याच्या गुऱ्हाळाच्या अलीकडं कडेला घेऊन थांबला होता आणि ड्रायव्हर मागं चढला होता.

माझ्याबरोबर तपासाला जे हवालदार होते, त्यांची नोकरी माझ्या वयाइतकी झालेली होती. खात्यात त्यांच्या तोंडाला सगळे टरकून असायचे. ते म्हणाले, "साहेब, कर नाही त्याला डर कशाला? हा घाबरलाय, म्हणजे ह्यानंच उडवलाय."

"उडवणारा माणूस उचलून दवाखान्यात आणेल का हो, हवालदार?"

"आणतो की. अर्ध्या रस्त्यात थांबून विचार करत असंल, टाकू का नेऊ. मग देव आठवला असंल."

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पुढं एकूण तीस वर्षांच्या नोकरीत मीही असे दोन-तीन पाहिले. पण माझं मन मानत नव्हतं. गुन्हा दाखल केला: हयगयीनं वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत होणं. कलम जामीनपात्र होतं. दुसऱ्या दिवशी मालकानं मालेगावहून जामिनाला माणूस पाठवला आणि टेम्पोवाला सुटला. टेम्पो मात्र मुद्देमाल म्हणून आमच्या आवारात उभा राहिला. मालकानं त्याला सांगून ठेवलं होतं, येशील तर गाडी घेऊन ये, नाहीतर येऊ नको. मग तो जाणार कुठं? तो तिथंच राहिला. टेम्पोच्या हौद्यात झोपायचा, समोरच्या हॉटेलात वडापाव खायचा, आणि रिकाम्या हातानं बसवेना म्हणून सकाळी आवार झाडून काढायचा. शिपाई लोक त्याला चाचा म्हणायला लागले. मीही मनातल्या मनात चाचाच म्हणत होतो, तोंडानं म्हणणं नियमात बसत नव्हतं.

शिंप्याचे विधी आटोपल्यावर त्याची बायको ठाण्यात आली. बरोबर तिचा दीर होता. तो बडबड्या, ती गप्प. दिराला फाशीच्या खाली काही नको होतं. तो बाहेर तंबाखू मळायला गेला, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"साहेब, माझं एकच म्हननं हाय. ह्या बाहेर बसलेल्या मानसानं आमच्या मालकाला उडवलं, का उचलून आनलं? तेवढं सांगा."

"तपास चालू आहे, बाई."

"चालू दे की. पर मला कळायला पायजे, ह्याच्याकडं कोनत्या नजरेनं बघायचं. आता येताना तो झाडत व्हता. मला बघून झाडू खाली ठेवला त्यानं. मी मान फिरवली. पाप केलं का बरं केलं, मला ठावं नाय."

त्यानंतर ती अधूनमधून यायची. कागदपत्रांचं निमित्त असायचं. चाचापासून लांब, पायरीवर बसायची. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. चाचा तेवढा वेळ टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहायचा. मला ते बघवायचं नाही. साहेब म्हणून मी आणखी काय करणार? तपास करणार.

आमच्या धंद्यात खबऱ्या म्हणजे काही सिनेमातला काळ्या चष्म्यावाला नव्हे. बहुतेक वेळा तो चहावाला असतो. नाशिकरोडला जीपच्या स्टँडवर आमचे हवालदार रोज चहा घ्यायचे. तिथून काळ्या-पिवळ्या जीपा एकलहऱ्याला आणि पुढच्या खेड्यांत जायच्या. एक दिवस चहावाला सहज बोलून गेला, "हवालदारसाहेब, निळ्याचा मीटर पिवळा झालाय, बघितला का?"

हे समजायला निळ्या कोण ते सांगितलं पाहिजे. त्या स्टँडवर वीस-पंचवीस जीपा होत्या आणि अंधार पडला की सगळ्या सारख्याच. खेड्यातली माणसं, विशेषतः मळ्यात मजुरीला जाणाऱ्या बायका, नंबर वाचून गाडीला हात करत नसत. ओळखीची गाडी असेल तरच थांबवत. कारण ओळखीचा ड्रायव्हर वस्तीपर्यंत सोडतो, अनोळखी फाट्यावरच उतरवतो. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरनं आपली काही खूण ठेवलेली होती. एकाचा हॉर्न बाळ रडल्यासारखा वाजायचा. एकानं काचेवर वीतभर रुंद चंदेरी झालर लावली होती. आणि या पठ्ठ्यानं मीटरचे बल्ब बदलले होते. नाशिकच्याच द्वारका चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून निळ्या काचेचे मोठे बल्ब आणून मीटरच्या होल्डरमध्ये बसवले होते. मुळात तिथं वाटाण्याएवढा बल्ब असतो. ह्याचे चांगले जांभळाएवढे. त्यामुळं नुसता मीटर नव्हे, तर आतला सगळा पुढचा भाग, ड्रायव्हरच्या तोंडासकट, निळाशार व्हायचा. लांबून कळायचं, निळा आला. माणसाचं नावच निळ्या पडलं. स्टँडवर त्याचा भाव होता, आणि इतर ड्रायव्हर जळायचे.

असा माणूस आपली खूण स्वतःच्या हातानं पुसतो, ती का? चहावाल्यानं त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, डोळ्यांना त्रास होतो.

हवालदारांनी ही गोष्ट मला निव्वळ गंमत म्हणून सांगितली. मी विचारलं, "कधीपासून पिवळा झाला?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, जरा विचार केला आणि म्हणाले, "शिंपी गेल्यापासनंच की. साहेब, गाडी काढू का?"

संध्याकाळी साध्या कपड्यात आम्ही फाट्यावर गेलो. बायका विळे, डबे घेऊन बसलेल्या होत्या. त्यांच्यातली जी वयानं मोठी होती, तिच्याशी बोललो. पोलीस म्हटल्यावर बाकीच्या गप्प झाल्या, ही नाही झाली.

"आवो, शिंप्याला उडवला त्याच दिशी ना? त्या दिशी निळी गाडी आलीच नाय. लय वाट बघितली आमी."

"दुसरी कुठली गाडी आली?"

"येक आली, तिच्याच टायमाला. पर ती निळी नव्हती. अंधारीच व्हती आतून. आमी हात नाय केला, ती बी नाय थांबली. भुर्रकन गेली. मंग आमी चालत गेलो घरी. दुसऱ्या दिशी त्याला मी बोलले, काय रं, काल कुठं मेला व्हता? तर म्हन्ला, मी काल आलोच नाय हिकडं."

आता वसाहतीच्या फाटकापाशी तपास केला. त्या संध्याकाळी त्या जीपमधून फाटकाशी उतरलेला एक कामगार सापडला. तो म्हणाला, शेवटी मीच उतरलो, माझ्यानंतर गाडी रिकामी पुढं गेली. निळा दिवा होता का, असं विचारल्यावर हसला. म्हणाला, उतरताना माझी चप्पल सीटखाली गेली होती, ती त्याच उजेडात शोधली.

म्हणजे जीप फाटकापर्यंत निळी होती आणि फाट्यावर अंधारी. दोन्हीच्या मध्ये तेवढाच बिनदिव्याचा रस्ता, आणि त्या रस्त्यात शिंपी पडलेला.

निळ्याला बोलावणं पाठवलं. तो आपल्या पायानं आला, इस्त्रीचा शर्ट घालून. आल्याआल्या नमस्कार, हवालदारांच्या तब्येतीची चौकशी, सगळं यथासांग. माणूस तिशीचा, बोलका. विचारलं नाही तेही सांगायचा. शिंप्याला तो ओळखत होता, माझी पँट त्यानंच शिवलेली आहे म्हणाला. चांगला माणूस होता, त्या टेम्पोवाल्याला सोडू नका, असंही म्हणाला. आवाजात कंप नव्हता, नजर खाली नव्हती. हवालदारांची ती म्हण खरी मानली असती, तर हा माणूस गंगेत न्हालेला निघाला असता.

मी विषय काढला, "मीटरचा निळा दिवा का काढला रे?"

"साहेब, एक बल्ब उडाला होता. मग दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही काढून साधे टाकले."

"दुसऱ्या दिवशी म्हणजे?"

"त्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी. गाडी धुतली आणि बदलले."

तेवढ्यात चहा आला. ठाण्यातला चहा काचेच्या ग्लासात येतो आणि तो इतका गरम असतो, की ग्लास वरच्या काठाला अंगठा आणि पहिल्या बोटानंच धरावा लागतो. चौकशीत मी चहा मागवायचो तो काही पाहुणचार म्हणून नव्हे. माणूस चहा घेताना कसा बसतो, कुठं बघतो, यावरून पुष्कळ कळतं. निळ्यानं उजवा हात पुढं केला, मागं घेतला, आणि डाव्या हातानं ग्लास उचलला. त्याआधी त्यानं कपाळ पुसलं, घड्याळ नीट केलं, ते सगळं उजव्या हातानं.

"उजवा हात दाखव."

अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकांवर फोड येऊन गेलेले होते. कातडी सुटून नवी गुलाबी कातडी दिसत होती.

"हे काय?"

"सायलेन्सर लागला, साहेब."

"सायलेन्सर असा चिमटीत लागतो होय?" हवालदार म्हणाले.

निळ्यानं बोटं मुठीत मिटली. मी त्याला काही दरडावलं नाही. समजावल्यासारखं सांगितलं, की बाबा, सकाळी थंड गाडीतला बल्ब काढला तर बोट भाजत नाही. तासभर पेटलेला मोठा बल्ब तिथल्या तिथं काढला तर भाजतं. तुझी गाडी फाटकाशी निळी होती, हे सांगणारा माणूस आहे. फाट्यावर ती अंधारी होती, हे सांगणाऱ्या बायका आहेत. आता तू सांग, मधल्या रस्त्यात तुला एवढी कसली घाई झाली होती?

त्यानं चहाकडं बघितलं. चहावर साय धरली होती. मग खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, दिसला नाय तो मला. देवाशपथ नाय दिसला."

"मग?"

"आवाज आला. मी गाडी थांबवली पुढं जाऊन."

"उतरलास?"

"नाय. आरशात बघितलं. काय दिसंना."

"मग काय केलंस?"

त्यानं ग्लास बाजूला सरकवला.

"बल्ब काढले," तो म्हणाला. "फाट्यावरच्या बाया लांबून वळखतात मला."

पुढची कारवाई रीतसर झाली. पंचांसमक्ष त्यानं निवेदन दिलं, आम्हाला जागा दाखवली, आणि रस्त्याकडेच्या गवतातून दोन निळे बल्ब काढून दिले. दोन्ही शाबूत होते. जीपच्या डाव्या मडगार्डला त्यानं पत्रा ठोकून रंग मारला होता, तोही मोटार वाहन निरीक्षकाच्या नजरेतून सुटला नाही. पंचनामा संपल्यावर मी बल्ब सापडले त्या जागेपासून शिंपी पडला होता त्या जागेपर्यंत चालत गेलो. एक विडी ओढून संपायच्या आत माणूस पोचेल, एवढंच अंतर होतं. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, की जखम मोठी होती पण रक्त फार वाहून गेलं, लवकर आणला असता तर आशा होती.

एक गोष्ट मात्र मला स्वतःला बघायची होती. निळ्या म्हणतो तसं खरंच दिसत नव्हतं का? ते बल्ब सीलबंद झाले होते, म्हणून तसलेच दुसरे आणून जीपमध्ये बसवले आणि अंधार पडताच मी त्या रस्त्यावर स्टिअरिंगवर बसलो. हवालदारांना सायकल घेऊन पुढं कडेला उभं केलं. हेडलाईट लावले, मीटर पेटला, आणि समोरच्या काचेत मला माझंच निळं तोंड दिसायला लागलं. त्याच्याखाली मीटरचे आकडे उलटे. काचेपलीकडं हेडलाईटचा पट्टा होता तेवढाच रस्ता, कडेला निळ्या धुक्याशिवाय काही नाही. मी डोळे ताणून बघत असताना अगदी जवळून हवालदारांचा आवाज आला, "साहेब, आता ब्रेक मारा, माझी पेन्शन राहिलीय."

म्हणजे तो खोटं बोलत नव्हता. त्याला शिंपी दिसला नव्हता. आरशात काही दिसलं नाही हेही खरं होतं. मी दोषारोपपत्रात जसं होतं तसं लिहिलं. न दिसणं हा त्याच्या हौसेचा परिणाम होता आणि हौस त्यानं स्वतः केलेली होती, त्याबद्दल कायदा बघून घेईल. पण माझ्या मनातून जे जात नाही ते वेगळंच आहे. बल्ब काढल्यावर गाडीत अंधार झाला असणार. मग काचेपलीकडचं आणि मागचं सगळं त्याला नीट दिसू शकत होतं. नेमकं तेव्हा त्यानं गिअर टाकला. कोर्टात गुन्हा शाबीत झाला, त्याला शिक्षा लागली. पुरावा नष्ट केल्याचं कलमही लागलं. मला त्याचा राग आला होता, आजही येतो. पण तो जन्माचा गुन्हेगार नव्हता. फाट्यावर बाया ओळखतात याचा ज्याला एवढा अभिमान होता, त्याला त्याच ओळखीची भीती वाटली.

चाचाविरुद्धचा गुन्हा मागं घेण्याचा अहवाल गेला आणि कोर्टाकडून टेम्पो सोडण्याचा आदेश आला. साक्षीदार म्हणून त्याचा नव्यानं जबाब घ्यायला मी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. सगळं लिहून झालं तरी तो उठेना.

"साहब, एक बात छुपाई थी," तो म्हणाला. "मी थांबलो होतो. गुऱ्हाळाच्या आधी."

"ते मला ठाऊक आहे. का थांबलास?"

"तो पाणी मागत होता. सारखा पाणी, पाणी. मी गाडी बाजूला घेतली, वर चढलो आणि पाजलं. मग हॉस्पिटलात कोणीतरी बोललं, जखमी माणसाला पाणी द्यायचं नसतं, पाणी दिलं की मरतो. सकाळी तो मेला. मला वाटलं, मीच मारला. अब तक वही लगता है."

मी त्याला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. रक्त वाहून गेलं म्हणून तो गेला, तुझ्या पाण्यानं नाही. त्याला पटलं की नाही, कोण जाणे. त्यानं फक्त मान हलवली. मी मात्र तेव्हापासून चौकशीच्या खोलीत ती म्हण कधी वापरली नाही. ज्यानं काही केलेलं नाही, त्यालाही डर असते. पुष्कळदा त्यालाच जास्त असते, कारण त्याला आपल्या हातून काय झालं याची काळजी असते. घाबरलेला माणूस काहीतरी लपवतो हे खरं. पण काय लपवतो, हे कळेपर्यंत पोलिसानं थांबलं पाहिजे. पुढं माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक फौजदाराला मी हे सांगत आलो, आणि त्यातल्या निम्म्यांनी ते ऐकलं नाही.

त्याच दुपारी शिंप्याच्या बायकोला निरोप पाठवला होता. ती एकटीच आली, दिराला आणलं नाही. मी तिला सांगितलं, "बाई, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर आलं. ह्यानं उचलून आणलं."

चाचा टेम्पोला दोर आवळत होता. ती त्याच्याकडं गेली. तो नेहमीसारखा पलीकडच्या बाजूला जायला निघाला.

"थांबा, भाऊ," ती म्हणाली. "काय बोलले का ते तुमच्याशी?"

चाचानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. त्यानं हातातला दोर सोडला. मग एकदम म्हणाला, "पाणी मागितलं, बहनजी. मी दिलं."

"प्याले?"

"दोन घोट. तिसरा बाहेर आला."

हवालदार उगाच फाटकाकडं बघायला लागले. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे, जणू घरात कोणाला तरी समजावत असावी तशी म्हणाली, "दोन घोट गेले ना आत."